जोडे शिवणारा पंडित : विल्यम कॅरी आणि तारणाचा प्रश्न

'तारण' म्हटलं की आपल्याला आधी बँक आठवते. कर्ज हवंय? मग तारण काय ठेवणार? पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे. पापातून आणि मरणातून सुटका, देवाशी कायमचा समेट, म्हणजे तारण. आपण मोक्ष म्हणतो त्याच्या शेजारचा शब्द, पण तोच नव्हे.

हा शब्द माझ्या डोक्यात शिरला तो होस्टेलच्या मेसमध्ये. आमच्या विंगमध्ये एक मित्र नागालँडचा, दुसरा रांचीकडचा. दोघेही ख्रिस्ती. रविवारी सकाळी आम्ही अंथरुणात लोळत असताना हे दोघे इस्त्रीचे शर्ट घालून बाहेर पडायचे. दोघांचा धर्म एक म्हणजे सगळंच एक, असं आम्ही गृहीत धरलेलं. एका रात्री रांचीच्या मित्राने घरून आलेला फोटो दाखवला. दोन महिन्यांच्या भाचीचा बाप्तिस्मा होता. नागा मित्राने बाळाचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, की हिने अजून विश्वासच ठेवलेला नाही, तर हिचा बाप्तिस्मा झाला कसा? झालं! वाद सुरू झाला तो आमटी थंडगार होईपर्यंत. एक ल्यूथरन, दुसरा बाप्टिस्ट. आम्ही बाकीचे नुसते तोंडं बघत बसलो.

त्या वादाचं मूळ शोधता शोधता लायब्ररीत मला विल्यम कॅरी भेटला. मराठी भाषेच्या इतिहासात हे नाव येतंच, कारण मराठीची पहिली छापील पुस्तकं ज्यांच्या हातून बाहेर पडली त्यांत हा माणूस आहे. कॅरी पक्का बाप्टिस्ट. आणि गंमत अशी, की आयुष्याची शेवटची चौतीस वर्षं तो राहिला एका ल्यूथरन राजाच्या गावात. माझ्या दोन मित्रांचा वाद दोनशे वर्षांपूर्वी हुगळी नदीच्या काठी उभा राहिला होता, असं म्हणा ना!

खोटा शिलिंग

विल्यम कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यातला. वडील एडमंड विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर. इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या रीतीप्रमाणे विल्यमचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला. मुलाला शेतात घालावं, तर उन्हाने त्याच्या अंगाची आग व्हायची. म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं.

तिथे एक प्रसंग घडला. नाताळात उमेदवार पोरांना गिऱ्हाइकांकडून खुशाली मिळत असे. एका दुकानदाराने थट्टेत विल्यमच्या हातावर शिलिंग ठेवला, तो निघाला खोटा. मालकाचे पैसे त्याच्याजवळ होतेच. त्याने खोटं नाणं त्यात सरकवलं आणि खरं आपल्याकडे ठेवलं. परतीच्या वाटेवर त्याने देवाशी सौदा केला, की एवढी एक चोरी पचू दे, पुन्हा म्हणून वाईट करणार नाही. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपण करतो तसाच सौदा!) पण मालकाने चौकशी केली आणि बिंग फुटलं. पोरगा इतका शरमला, की लोकांना तोंड दाखवेना.

हा प्रसंग कॅरीने पुढे स्वतःच सांगून ठेवला आहे. त्या दिवशी त्याला कळलं, की आपण चर्चमध्ये वाढलो, आपल्या डोक्यावर पाणी पडलं, तरी आतून आपण होतो तसेच आहोत. सोबतचा उमेदवार जॉन वॉर हा राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांतला. त्याच्याशी वाद घालता घालता कॅरी हळूहळू त्याच्या बाजूला सरकला. ख्रिस्ताने आपल्यासाठी जे केलं त्यावर आपण स्वतः भरवसा ठेवायचा, बाकी आपल्या पदरी काही नाही, या मुक्कामाला तो पोचला. मग पुढचा प्रश्न आला. विश्वास आज ठेवला, तर तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याचं काय? बायबल वाचून त्याचं मत झालं, की तो बाप्तिस्मा नव्हेच. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टन गावात नेन नदीत जॉन रायलंड या पाळकाने त्याला बुडवून बाप्तिस्मा दिला. कॅरी तेव्हा बावीस वर्षांचा होता.

इथे माझ्या नागा मित्राची बाजू स्पष्ट होते. बाप्टिस्ट म्हणतो, तारण देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं. बाप्तिस्मा त्याच्या नंतर येतो. तो आज्ञापालन आहे, चारचौघांत दिलेली साक्ष आहे. पाण्यात जाणं म्हणजे जुन्या माणसाचं मरण, वर येणं म्हणजे नवा जन्म, याचं ते चित्र आहे. बाप्तिस्म्याने तारण मिळत नाही, तारण मिळालेल्याने बाप्तिस्मा घ्यायचा. म्हणून बाळाला नाही, आणि म्हणून शिंपडून नाही, बुडवून.

दुसरी बाजू

आता रांचीच्या मित्राकडे वळू. त्यासाठी पावणेतीनशे वर्षं मागे जर्मनीत जावं लागेल. मार्टिन ल्यूथर १० नोव्हेंबर १४८३ ला जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो मठात संन्यासी झाला. उपास केले, जागरणं केली, तासन्‌तास पापांची कबुली दिली. पण देव आपल्यावर राजी आहे याची खात्री त्याला काही मिळेना. आपला पश्चात्ताप पुरेसा खरा आहे का? आपला विश्वास पुरेसा घट्ट आहे का? आत जितकं डोकवावं तितका गाळ. शेवटी पौलाची पत्रं शिकवताना त्याला उमगलं, की नीतिमत्त्व कमवायचं नसतं, देव ते ख्रिस्तासाठी फुकट देतो आणि विश्वास ते घेतो. १५१७ मध्ये त्याने पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि युरोप ढवळून निघाला.

इथपर्यंत ल्यूथर आणि कॅरी यांच्यात भांडण नाही. दोघंही कृपा म्हणतात, दोघंही विश्वास म्हणतात, पुण्याचा हिशोब दोघांनाही नको. फाटा फुटतो तो पुढे. ल्यूथरचा अनुभव असा, की मन आत वळवलं की खात्री पळून जाते. म्हणून देव आपली देणगी बाहेरून, हाताला लागेल अशा वस्तूंतून देतो : उपदेशाचा शब्द, बाप्तिस्म्याचं पाणी, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस. बाप्तिस्मा हे माणसाचं काम नाही, देवाचं आहे. १५२९ च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत त्याने शिकवलं, की बाप्तिस्मा म्हणजे नुसतं पाणी नव्हे, देवाच्या वचनाशी जोडलेलं पाणी. त्यातून पापांची क्षमा आणि तारण खरोखर दिलं जातं, विश्वास ते धरतो. बाळ विश्वास कसा ठेवणार? तर विश्वास हीसुद्धा देवाची देणगी, ती तो बाळालाही देऊ शकतो. संशयाने मन पोखरलं की ल्यूथर आपल्या भावनांकडे बघत नसे. आपला बाप्तिस्मा झालेला आहे, या गोष्टीला तो धरून बसे.

सोपं करून सांगायचं तर ल्यूथरनांचा बाप्तिस्मा आपल्या बारशाच्या जवळचा आहे. नाव बाळाला विचारून ठेवत नाहीत, पण ते बाळाचंच असतं आणि जन्मभर राहतं. बाप्टिस्टांचा बाप्तिस्मा लग्नाच्या नोंदणीच्या जवळचा. तिथे सही ज्याची त्यानेच करायची, बापाची चालत नाही. अर्थात उपमा लंगडीच. ल्यूथरन म्हणेल, की बारशात नुसतं नाव मिळतं, इथे वारसाहक्क मिळतो. बाप्टिस्ट म्हणेल, की प्रेम सहीच्या आधीचं असतं, सही फक्त ते जाहीर करते.

डॅनिश झेंड्याखाली

कॅरी परत गावी आला तो जोडे शिवायला आणि खेड्यातल्या मंडळीचा पाळक व्हायला. शाळा चालवायची, चामडं कापायचं आणि त्यातून वेळ काढून लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकायचं, असा त्याचा दिनक्रम. भिंतीवर जगाचा नकाशा. त्याच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांचं मत होतं, की देवाने तारणासाठी निवडलेली माणसं त्याला माहीत आहेत, तो त्यांना आणील, आपण धावपळ कशाला करायची? कॅरी ज्या पंथातला, ते पर्टिक्युलर बाप्टिस्ट, म्हणजे ख्रिस्त निवडलेल्यांसाठी मेला असं मानणारे. (बाप्टिस्टांमध्ये तो सर्वांसाठी मेला असं मानणारा पंथही पहिल्यापासून आहे. ल्यूथरनही सर्वांसाठीच म्हणतात.) कॅरीचा मित्र अँड्र्यू फुलर याने मधला मार्ग दाखवला. निवड देवाची असली, तरी निमंत्रण सर्वांना द्यायला हवं. १७९२ मध्ये कॅरीने या विषयावर पुस्तिका छापली. तिच्यात देशोदेशींचं क्षेत्रफळ, लोकसंख्या, धर्म यांचे तक्तेच्या तक्ते आहेत. आपल्याकडे असता तर सर्व्हेला याचा ग्रुप पहिला आला असता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी मूठभर पाळकांनी मिळून मिशनरी सोसायटी काढली. वर्गणीचे आकडे पडले १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स.

१७९३ मध्ये कॅरी हिंदुस्थानला निघाला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून तो आला डॅनिश जहाजातून. बायको डोरोथी यायला तयार नव्हती. अगदी शेवटच्या घटकेला ती कशीबशी राजी झाली. त्याची किंमत तिने मोजली. उत्तर बंगालात मदनाबाटीला कॅरी निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक असताना १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. आसपासच्या लोकांत पुरायला हात लावणारी माणसंही सहज मिळेनात. त्यानंतर डोरोथीचं मन ढळलं, ते पुन्हा सावरलं नाही. १८०७ मध्ये ती गेली.

तारणाचा वाद मेसमधल्या टेबलावर सोपा असतो. इथे तो खरा होतो. पीटरचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, बाप्टिस्टाच्या घरात तो होणारही नव्हता. अशा लेकराचं काय? बाप्टिस्ट म्हणतात, ते देवाच्या दयेत आहे, त्याला पाण्याची गरज नाही. ल्यूथरन म्हणतात, देव पाण्याला बांधलेला नाही हे खरं, पण आईबापाला धरायला काहीतरी ठोस हवं, म्हणून तर आम्ही उशीर करत नाही. आणि जिचं मनच ठिकाणावर नाही, ती विश्वास कशी धरून ठेवणार? कॅरीच्या पंथाचं उत्तर, की देवाने ज्याला एकदा धरलं त्याला तो सोडत नाही, खरा विश्वासी शेवटपर्यंत राखला जातो. ल्यूथरनांना हे असं मान्य नाही. त्यांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात म्हटलं आहे, की मिळालेली कृपा माणूस गमावूही शकतो. मात्र आजारी मनाला ते पुन्हा बाप्तिस्म्याकडेच नेतील, कारण देवाने दिलेलं वचन माणसाच्या शुद्धीवर अवलंबून नाही.

१० जानेवारी १८०० ला कॅरी श्रीरामपूरला आला. हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या वर, हुगळीच्या काठचं हे गाव १७५५ पासून डेन्मार्कच्या राजाकडे होतं आणि डेन्मार्कचा राजधर्म ल्यूथरन. याच राजघराण्याने १७०६ मध्ये दक्षिणेत तरंगमबाडीला त्सीगनबाल्ग आणि प्लुत्शाउ हे ल्यूथरन मिशनरी पाठवले होते. श्रीरामपूरचे गव्हर्नर ओले बी हे त्या परंपरेला जवळचे. कंपनी सरकार या बाप्टिस्टांना हुसकावायला बघत असताना त्यांनी कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांना आसरा दिला.

त्याच वर्षी २८ डिसेंबरला मिशनच्या घाटावर गर्दी जमली. कृष्ण पाल नावाचा सुतार बाप्तिस्मा घेणार होता. पडून त्याचा खांदा निखळला होता. मिशनच्या डॉक्टर थॉमसने तो बसवला, तेव्हापासून तो येऊ लागला. मिशनच्या लोकांबरोबर जेवला म्हणून गावात दंगा झाला, गव्हर्नरांनी त्याला संरक्षण दिलं. त्या दिवशी डॉक्टर थॉमसचा आनंदाने तोल गेला होता, त्यांना एका खोलीत ठेवावं लागलं. दुसऱ्या खोलीत डोरोथी ओरडत होती. कॅरी एका बाजूला मुलगा फेलिक्स, दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल, असा पाण्याकडे चालत गेला. त्याने जमलेल्यांना बंगालीत समजावलं, की आम्ही ही नदी पवित्र मानत नाही, हे साधं पाणी आहे. दोघांना बुडवून बाप्तिस्मा दिला. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेले ते ल्यूथरन गव्हर्नर काठावर उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, अशी नोंद वॉर्डने करून ठेवली आहे.

साधं पाणी, हे कॅरीचं म्हणणं. पाणी साधंच, पण वचनाशी जोडलं की नुसतं पाणी राहत नाही, हे ल्यूथरचं. सगळा फरक या दोन वाक्यांत मावतो.

पुढे १८०३ मध्ये शार्लट रूमोर या बाईंनी कॅरीकडून बाप्तिस्मा घेतला. त्या श्लेस्विगच्या, म्हणजे ल्यूथरन मुलखातल्या, तब्येतीसाठी श्रीरामपूरला आलेल्या. १८०८ मध्ये कॅरीने त्यांच्याशी लग्न केलं. ल्यूथरनांच्या नजरेने बघा : देवाने एकदा दिलेलं पुन्हा मागणं म्हणजे आधीच्या देण्यावर अविश्वास. बाप्टिस्टाच्या नजरेने : हा दुसरा नव्हेच, हाच पहिला. एकाच घटनेला दोन्हीकडे नाव वेगळं.

हा फरक नुसता शब्दांचा नव्हता, याचा पुरावा खुद्द डेन्मार्क. श्रीरामपुरात बाप्टिस्टांना सांभाळणाऱ्या त्या राज्यात १८३९ मध्ये कोपनहेगनला पहिली बाप्टिस्ट मंडळी झाली, तर पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं आणि बाप्टिस्टांच्या बाळांचा जबरदस्तीने बाप्तिस्मा केला. १८४९ ची राज्यघटना आल्यावर तिथे धर्मस्वातंत्र्य मिळालं. विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा, राजाने लादायचा नाही, हा बाप्टिस्टांचा जुना आग्रह त्यांच्या तारणाच्या कल्पनेतूनच निघतो.

छापखाना, आग आणि कॉलेज

१८०१ मध्ये कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठीही. पगार मिशनच्या सामाईक तिजोरीत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी टाइपातला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये छापला. १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. टाइप पाडायचं काम पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्या घराण्याचं. ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं, बहुभाषी कोशाची टिपणं, सगळं खाक. कॅरीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रॅक्टिकलची एक फाइल हरवली तर आपण दोन दिवस जेवत नाही! १८२० मध्ये या लोकांनी कागदाच्या गिरणीसाठी वाफेचं इंजिन आणून बसवलं. मेकॅनिकलवाल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

१८१८ मध्ये त्यांनी श्रीरामपूर कॉलेज काढलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या ल्यूथरन राजाने, सहाव्या फ्रेडरिकने, या बाप्टिस्टांच्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. प्रवेशाला जात किंवा धर्म आड येणार नव्हता. गावात ल्यूथरनांचं सेंट ओलाफ चर्चही उभं राहिलं, त्याची खटपट ओले बी यांनी सुरू केली होती. त्यात उपदेशाला उभे राहत कॅरी आणि त्याचे बाप्टिस्ट सोबती. बाप्तिस्म्यावर एकमत झालं नाही, ते आजही नाही. पण व्यासपीठ एकमेकांना दिलं.

९ जून १८३४ ला कॅरी गेला. आपल्या थडग्यावर काय लिहायचं हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं : नाव, तारखा आणि एका जुन्या भजनातल्या दोन ओळी. कोश, व्याकरणं, भाषांतरं यांचा एक शब्द नाही. त्या ओळींचा भाव एवढाच, की मी दीन, असहाय जीव तुझ्या दयाळू हातांत पडतो आहे. १५४६ मध्ये ल्यूथर वारला तेव्हा त्याच्याजवळ एक चिठ्ठी सापडली होती. तिचाही भाव तोच, की आपण सगळे भिकारी आहोत.

दोघांनाही शेवटी रिकामे हातच पुढे करायचे होते. देणारा त्या हातांवर ठेवतो कधी, तान्हेपणी पाण्यातून की जाणतेपणी विश्वास ठेवताना, आणि मिळालं याची खूण कुठे बघायची, एवढाच त्यांचा वाद. एवढाच म्हणालो खरा, पण आपलं लेकरू गेलेल्या किंवा मन खचलेल्या माणसाला त्या उत्तरावर रात्र काढायची असते, हेही विसरून चालत नाही.

हे सगळं मी मेसमध्ये दोघांना सांगितलं. वाद मिटला नाही. फक्त या वेळी आमटी गरम असतानाच दोघांनी माझं ऐकून घेतलं, आणि रविवारी एकाच्या चर्चला दुसराही गेला.